पिवळ्या पिशव्यांतलं सामान

पोरींनी वसतिगृह सोडलं तेव्हा प्रत्येकीच्या हातात एकेक बॅग होती. पंधरा दिवसांचीच गोष्ट आहे, असं विद्यापीठाच्या परिपत्रकात म्हटलं होतं, आणि परिपत्रकावर विश्वास ठेवण्याइतक्या त्या अजून कोवळ्या होत्या. एप्रिल संपत आला होता. म्हैसुरात करोनाची दुसरी लाट नुसती धुमसत होती. आज रात्रीपासून बस बंद, असं सकाळी कळलं आणि दुपारपर्यंत अठ्ठ्याण्णव खोल्या रिकाम्या झाल्या.

गंगाबाई दारात उभी राहून किल्ल्या गोळा करत होती. ती मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन, एकोणीस वर्षं झाली तरी कंत्राटीच. या वसतिगृहात कुलूप ज्या-त्या पोरीचं, आणि घरी जाताना किल्ली मेट्रनकडे द्यायची, अशी जुनी रीत. गंगाबाई प्रत्येक किल्लीला दोरा बांधायची आणि दोऱ्याला गाठी मारायची. तिच्या वडिलांचं शहरात रंगाऱ्याचं दुकान होतं. रंगाच्या हंड्यात कागदाची चिठ्ठी टिकत नाही, शाई टिकत नाही, म्हणून गिऱ्हाइकाच्या लुगड्याला दोरा बांधून गाठींनी खूण करायची, ही त्यांच्या घरची पद्धत. दोन गाठी, मग अंतर, मग तीन गाठी म्हणजे तेवीस नंबर. चाळीस वर्षांत वडिलांनी एकीचं लुगडं दुसरीला दिलं नव्हतं.

खालच्या मजल्यावरची अमूल्या सगळ्यांत शेवटी आली. कृष्णराजनगरची, मराठी घरातली, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. एका निवासी शाळेत शिक्षिका म्हणून तिची निवड झाली होती; जुलैत मूळ कागदपत्रं दाखवली की नेमणुकीचा हुकूम हातात.

“अक्का, कपाटात निळी फाइल हाय,” ती म्हणाली. “मूळ मार्क्स कार्डं, सगळी. संगं नेऊ का?”

“अय्यो, बशीला ही गर्दी. लोक एकमेकांच्या डोक्यावर बसलेत. कुठं पडली-बिडली तर? ऱ्हाऊ दे इथंच. माझ्या कुलपात हाय म्हण.”

अमूल्यानं किल्ली दिली आणि बसकडे पळाली. गंगाबाईनं दोऱ्याला गाठी मारल्या. आपण पोरीला शहाणपणाचा सल्ला दिला, असंच तिला त्या दिवशी वाटलं.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या मुलांच्या वसतिगृहात कोविड केअर सेंटर सुरू झालं. मग मे महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी मुलींच्या इमारतीचं पत्र आलं: रविवारी दुपारी बारापर्यंत रिकामी करून ताब्यात द्यावी. याला गंगाबाईची ना नव्हती. शहरात माणसं खाटेसाठी रिक्षातून दारोदार फिरत होती; तिच्या गल्लीतलेच दोघं खाट मिळेपर्यंत टिकले नाहीत. खाटा मांडायच्या तर मांडाव्यातच. पण अठ्ठ्याण्णव पोरींच्या संसाराचं काय, हे त्या पत्रात एका ओळीनंही नव्हतं.

पत्र घेऊन आले होते दामोदरराव. ते विद्यापीठाचे इस्टेट ऑफिसर आणि गंगाबाईच्याच समाजातले. भजनाला दोघांची घरं एकाच सतरंजीवर बसायची. घरी ती त्यांना अण्णा म्हणायची, कचेरीत सर.

“कुलपं फोडा, गोणीत भरा, बॅडमिंटन हॉलमध्ये टाका,” दामोदररावांनी सांगितलं. “मत्ते काय, मग काय? दोन तासांचं काम हाय.”

“सर, कुलपं कशाला फोडता? किल्ल्या हायत की माझ्याकडं. एकेक खोली उघडून बांधते. कुणाचं काय ते कळाय पाहिजे, अल्वा, नाही का?”

“वेळ कुठं हाय, गंगक्का?”

“दोन दिवस हायत.”

दामोदररावांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, जणू दोन दिवस त्यात दिसत नव्हते, आणि बरं म्हणून निघून गेले. त्या महिन्यात ते इमारतीच्या आत एकदाही शिरले नाहीत. सगळं फोनवरून. उंटावरून शेळ्या हाकायला त्यांना उंटही लागत नव्हता.

गोणी मिळेनात. दुकानं सकाळी सहा ते दहा उघडी, तीही दूध-भाजीची. गंगाबाईनं वॉर्डनला फोन लावला. वॉर्डन मृदुला, वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका, नाशिकहून येऊन बारा वर्षं झालेली. तिचं नाशकाचं मराठी आणि गंगाबाईचं म्हैसूरचं मराठी एकमेकांना अडखळतच भेटायचं, पण भेटायचं.

“गोणी कशाला हव्यात?” मृदुला म्हणाली. “गाठोडी बांधू. जुन्या साड्या मागवते.”

तिनं प्राध्यापकांच्या, कारकुनांच्या, मेसच्या, बागेच्या, जेवढे म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होते त्या सगळ्यांवर चार ओळी टाकल्या. शनिवारी सकाळी सहा वाजता फाटकापाशी साड्यांचा ढीग पडला. कुलसचिवांच्या बायकोची गर्भरेशमी आणि झाडूवाल्या बाईची विटकी सुती एकावर एक. इंग्रजीचे एक निवृत्त प्राध्यापक स्कूटरवर आले, बायकोच्या सतरा साड्या ठेवल्या आणि स्कूटर वळवून परत गेले. ती मागच्या लाटेत गेली होती. ज्यांना पास होता ते चौघं-पाचजण कामाला थांबले. मेसचे दोघे आचारी, बागेतले भुजंगराव, मृदुला स्वतः. ज्या पोरीची खोली, तिला आधी व्हिडिओ कॉल. “हे कपाट उघडते बघ. काय काय हाय सांग.” मग गाठोडं, मग दोरा, मग गाठी. पोरी फोनमधून हसत होत्या, रडत होत्या, अक्का तो डबा टाकून दे गं, म्हणून लाजत होत्या. संध्याकाळी सहाला वरच्या मजल्याच्या पन्नास खोल्या झाल्या. पन्नास गाठोडी बॅडमिंटन हॉलमध्ये ओळीनं लागली.

खालच्या अठ्ठेचाळीस खोल्या उरल्या. गंगाबाईनं दामोदररावांना फोनवर सांगितलं, उद्या सहाला येते, बाराच्या आत होतंय. ते हूं म्हणाले.

रविवारी सहाला ती हिनकलच्या नाक्यावर होती आणि पोलीस तिला पुढं सोडत नव्हता. पास दामोदररावांच्या कचेरीनं दिलेला, आणि त्यावर तारीख फक्त शनिवारची. रविवारचं काम सांगणाऱ्यांना रविवारचा पास द्यायचं सुचलं नव्हतं. ती विनवण्या करत पाऊण तास उभी राहिली, मग मृदुलाला फोन, मृदुलाचा कुणाला तरी फोन, आणि आठच्या सुमाराला ती वसतिगृहात पोचली.

खालच्या मजल्याची सगळी दारं सताड उघडी होती. कुलपं फोडून व्हरांड्यात फेकली होती. खोल्या झाडून लख्ख. पहाटे पाचला ठेकेदाराची माणसं येऊन गेली, असं वॉचमननं सांगितलं. दामोदररावांना धीर धरवला नव्हता. गंगाबाई बॅडमिंटन हॉलकडे धावली. तिथं कालची पन्नास गाठोडी, बाकी काही नाही.

“सामान कुठं?” तिनं विचारलं.

वॉचमननं मागच्या पोर्चकडे बोट केलं.

ठेकेदाराच्या माणसांना गोणी मिळाली नव्हती. आणि जिन्याखाली कोविड सेंटरसाठी आलेल्या पिशव्यांचे गठ्ठे होते, कोरे, मजबूत, पिवळेधमक. त्यांनी त्याच वापरल्या. पोरींची पुस्तकं, कपडे, वह्या, चपला, देव, सगळं पिवळ्या पिशव्यांत कोंबलं, तोंडं बांधली आणि हॉल लांब पडतो म्हणून पोर्चमध्ये रचून ठेवलं. त्याच पोर्चमध्ये, जिथं शेजारच्या सेंटरचा वैद्यकीय कचरा रोज ठेवला जायचा. पिवळी पिशवी म्हणजे जाळायचा कचरा, हे आरोग्य खात्याच्या प्रशिक्षणात गंगाबाईला दहा वेळा शिकवलं होतं. त्या प्रशिक्षणाचं उद्घाटन दामोदररावांनीच केलं होतं.

कचऱ्याची गाडी उभी होती. पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं पिशव्या उचलत होती.

“ठेव! खाली ठेव ते!” गंगाबाई कन्नडमधून ओरडली. “पोरींचं सामान आहे!”

त्यातल्या एकानं नकारार्थी मान हलवली. पिवळी पिशवी उघडायची नाही, असा नियम. आणि ही दुसरी फेरी होती. पहिली गाडी साडेसहालाच भरून गेली होती. ती आतापर्यंत भट्टीशी पोचलीही असेल, असं तो शांतपणे म्हणाला. त्याचं काय चुकलं होतं? तो नियमानं चालला होता.

गंगाबाई उरलेल्या ढिगावर जाऊन बसली. साठीला टेकलेली बाई, नऊवारी खोचून पिवळ्या ढिगावर बसलेली. मला उचलून घाला गाडीत, मग पिशव्या न्या, म्हणाली. मृदुला स्कूटरवरून येईपर्यंत ती तिथून हलली नाही. त्या ढिगातून सतरा खोल्यांचं सामान वाचलं. एकतीस खोल्यांचं गेलं. अमूल्याची खोली त्या एकतिसांत होती.

त्या दिवशी एकतीस फोन तिनं स्वतः केले. अमूल्याचा शेवटी केला, कारण तिची जीभ रेटत नव्हती. फाइल नेऊ का, असं पोरीनं विचारलं होतं आणि नको म्हणणारी ती होती. हे तिनं फोनवर तसंच सांगितलं. अमूल्या म्हणाली, “तुमी काय जाळाय सांगितलं होतं का, अक्का?” तेवढ्यानं गंगाबाईला जास्तच रडू फुटलं.

कचेरीतून मात्र कुणी रडलं नाही. जूनमध्ये विद्यापीठाची पत्रिका निघाली. पहिल्याच पानावर ‘महामारीत विद्यापीठ परिवार विद्यार्थ्यांच्या पाठीशी’ असा मथळा, बॅडमिंटन हॉलमधल्या रंगीबेरंगी गाठोड्यांचा मोठा फोटो आणि खाली ओळ: एकाही विद्यार्थिनीच्या सामानाला धक्का न लावता इमारत जनतेच्या सेवेसाठी सुपूर्द. फोटोत गाठोड्यांपुढे दामोदरराव उभे होते. ते तिथं कधी आले होते, हे गंगाबाईला आजतागायत कळलेलं नाही.

जूनच्या अखेरीला दामोदररावांनी तिला कचेरीत बोलावलं. टेबलावर एकतीस कागद होते. मार्क्स कार्डांची दुसरी प्रत विद्यापीठच देणार होतं, पण नियमाप्रमाणे आधी प्रतिज्ञापत्र लागतं. मजकूर छापून तयार होता, फक्त नाव आणि सही करायची. गंगाबाईनं चष्मा लावून वाचलं. ‘माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे माझी मूळ गुणपत्रकं हरवली आहेत.’

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“हरवली? सर, कुणी हरवली?”

“अगं, फॉर्मॅट हाय तो. सगळ्यांना तोच.”

“पोरी घरी होत्या. कुलूप तुमी फोडलं, पिशवी तुमची, माणसं तुमची. आणि निष्काळजी पोरी? हा कुठला न्याय?”

“गंगक्का, सुम्ने, उगाच वाढवू नको.” दामोदररावांनी आवाज उतरवला. “पोरींना कार्डं पाहिजेत, मिळतील. सही घे एकेकीची. तुझं कंत्राटही तीस तारखेला संपतंय ना? ते माझ्याच टेबलावर हाय.”

चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, हे गंगाबाईनं ऐकलं होतं. पण संन्याशानंच आपल्या फाशीचा दोर आणून द्यावा, वर त्यावर सही करावी, हे तिला नवीन होतं. ज्यांनी जाळलं तेच प्रत देणार, आणि प्रत हवी तर तूच जाळलंस म्हण! तिनं एकतीस कागद उचलले आणि सरळ मृदुलाच्या घरी गेली.

मृदुलानं मजकूर वाचला, दोनदा वाचला, आणि लॅपटॉप उघडला. तासाभरात दुसरं प्रतिज्ञापत्र तयार झालं. त्यात तारीख होती, वेळ होती, फोडलेल्या कुलपांची संख्या होती आणि शेवटी वाक्य होतं: ‘माझी मूळ गुणपत्रकं विद्यापीठाच्या ताब्यात असताना नष्ट झाली.’

“प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार लागेल,” मृदुला म्हणाली. “मी नंतर आले. तुम्ही आधी होतात.” तिनं लॅपटॉपवरून मान वर केली. “गंगाबाई, तुमचं कंत्राट...”

“ठाऊक हाय.”

“नीट विचार करा.”

“विचार करून-करून एकोणीस वर्सं झाली, मॅडम.”

पण एक प्रश्न तिला पडला होता आणि तो मृदुलालाही पडला होता. अमूल्याची कागदपत्रं तपासणी बारा जुलैला. खोटी सही केली तर आठवड्यात कार्डं हातात. खरं लिहिलं तर कचेरी फाइल दाबून बसेल, चौकशी नेमेल, तारीख निघून जाईल, नोकरी जाईल. आपल्या रागापायी पोरीचं भाकरीचं ताट लाथाडायचं का? गंगाबाईनं तिथूनच अमूल्याला फोन लावला आणि दोन्ही मजकूर वाचून दाखवले.

“तुझी नोकरी हाय, अमूल्या. तू म्हणशील तसं. निष्काळजी लिहून सही केलीस तर मी तुला एक शब्द बोलणार नाही. खरंच.”

पलीकडं भांड्यांचा आवाज आला, कुणीतरी नळ बंद केला.

“मी शाळेत शिकवाय जाणार, अक्का,” अमूल्या म्हणाली. “पयल्याच दिवशी खोटं लिहून जाऊ? मी नाही हरवलं. मी नाही लिहिणार.”

दोन दिवसांत एकतीस जणींच्या सह्या आल्या. कुणी पोस्टानं, कुणी भावाच्या मोटारसायकलवरून, एच. डी. कोट्याकडच्या खेड्यातल्या वाणी नावाच्या पोरीनं तर अठरा किलोमीटर सायकल मारून तालुक्याला जाऊन नोटरी केलं. साक्षीदार म्हणून गंगाबाईनं एकतीस वेळा सही केली, कन्नडमध्ये, मोठ्या अक्षरात. तिच्या खाली मृदुला. तिच्या खाली मेसचे दोघे आचारी, भुजंगराव, पहाटेचा वॉचमन. मग ज्यांनी साड्या दिल्या होत्या त्यांना हे कळलं आणि तेही येऊ लागले. आमच्या साड्यांचा फोटो छापून तुम्ही खोटं बोललात, म्हणून कुलसचिवांच्या बायकोनंही सही केली म्हणतात. त्या संध्याकाळी कुलसचिवांच्या घरी काय झालं ते देव जाणे.

मृदुलानं एकतीस कागदांची एकेक प्रत कुलगुरूंकडे नेऊन दिली आणि सांगितलं, दुसरी प्रत एका वर्तमानपत्राच्या पाकिटात आहे, तिकीट अजून लावलेलं नाही. नाकर्त्याचा वार शनिवार, पण त्या आठवड्यात विद्यापीठाला शनिवार सापडला नाही. सहा दिवसांत कार्डं छापून तयार. अमूल्याला ती दहा तारखेला मिळाली आणि बाराला ती तपासणीला उभी राहिली. कार्डांच्या मागे कारणाच्या रकान्यात ‘विद्यापीठाच्या ताब्यात असताना नष्ट’ असं टाइप केलेलं होतं. तपासणाऱ्यानं ते वाचून भुवया उंचावल्या, तिच्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

गंगाबाईचं कंत्राट तीस जूनला संपलं ते संपलंच. वसतिगृहात मुली नाहीत, सबब मेट्रनची आवश्यकता नाही, असं पत्र आलं. वॉचमनला आणि आचाऱ्यांना असली पत्रं आली नाहीत. मृदुलानं खूप आदळआपट केली. गंगाबाई घरी बसून शेजारणीच्या साड्यांना फॉल लावू लागली.

ऑगस्टमध्ये, ऐन दुपारी, दामोदरराव तिच्या दारात आले. मास्क हनुवटीवर, हातात प्लॅस्टिकची फाइल. तिनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. घरी आलेल्या माणसाला पाणी न देण्याइतकी ती रागावली नव्हती. म्हणजे होती, पण तिच्या आईनं तसं शिकवलं नव्हतं.

“गंगे, झालं ते झालं,” ते म्हणाले. “वसतिगृह पुढच्या महिन्यात उघडतंय. मेट्रन पाहिजे. मी तुझंच नाव घातलंय बघ.”

“बरं, अण्णा.”

“फक्त ही फाइल बंद कराय पाहिजे. वरनं विचारतात. साक्षीदार तू, तुझी एक सही पुरे.” त्यांनी कागद पुढं केला, खिशातलं पेनही काढून दिलं. गंगाबाईनं वाचलं. ‘सर्व विद्यार्थिनींना दुय्यम प्रती देऊन त्यांच्या नुकसानीची पूर्ण भरपाई करण्यात आली आहे. कोणतीही तक्रार शिल्लक नाही.’

“यात काय खोटं हाय सांग,” दामोदरराव म्हणाले. “एकतीसच्या एकतीस जणींना कार्डं मिळाली. अमूल्याला नोकरी लागली. अजून काय पाहिजे?”

गंगाबाईनं पेनाकडे बघितलं. एकोणीस वर्षांची नोकरी तिच्या दारात चालत आली होती, आणि महिनाभर फॉल लावून तिचे डोळे चुरचुरत होते.

“अण्णा, वाणी ठाऊक हाय तुमाला? कोट्याची. खोली नंबर पंचवीस.”

“असंल.”

“तिची आई मे महिन्यात गेली. करोनानं. मढं पण बघाय मिळालं नाही पोरीला, कापडात बांधून तसंच नेलं. आईनं शिवलेली गोधडी होती तिच्या खोलीत. आईच्या जुन्या लुगड्यांची. घरात आईचं दुसरं काय सुद्धा ठेवलं नाही, सगळं जाळलं गावकऱ्यांनी भीतीनं. फोन करते अजून मला, अक्का, गोधडी सापडली का म्हणून. सतरा खोल्यांत कुठं मिसळली असंल, बघा की, म्हणते.” तिनं कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. “त्या गोधडीची दुसरी प्रत घेऊन या, अण्णा. तुमच्या विद्यापीठाचा शिक्का मारून आणा. मत्ते मी सही करते.”

गंगाबाईनं पेनाला टोपण लावलं, ते दामोदररावांच्या खिशाला नीट अडकवलं, आणि ते उठण्याची वाट बघत दार धरून उभी राहिली.